भजनी मंडळाची वेबसाइट करायचीय, आमच्या पेटीवाल्या काकांनाही वापरता यायला हवी

घुमटवालो_सत्तरी

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्याही आत आमचा गाव आणि गावच्या भजनी मंडळाचा मी सध्या सेक्रेटरी, म्हणजे दुसरं कोणी तयार होईना म्हणून माझ्या गळ्यात पडलेलं. पुढच्या वर्षी मंडळाला ५० वर्षं होतायत तर परवाच्या मीटिंगमध्ये पोरांनी टुमणं लावलं की वेबसाइट पाहिजे, जुन्या लोकांनी मान डोलावली, ठराव पास झाला आणि करणार कोण तर मी. मला कॉम्प्युटरचं ज्ञान एवढंच की ऑफिसात एक्सेल भरतो.

मंडळाचं काम सगळीकडे असतं तेच. दर गुरुवारी रात्री देवळात भजन, श्रावणात सप्ताह, चवथीला घरोघर घुमट (आमचं मातीचं तालवाद्य) वाजवून आरती, शिगम्याला रोमट (ढोल-ताशांची मिरवणूक) आणि जत्रेला रात्री एक नाटक. याआधी एक साइट होती, सहा-सात वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलानं फुकट करून दिलेली, डोमेन त्याच्याच नावावर. तो गेला आखातात, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या आयडीवर येत राहिले असणार, आणि आता तो पत्ता टाकला की रमीची कसली तरी जाहिरात उघडते. आमच्या लेटरहेडवर अजून तोच पत्ता छापलेला आहे, दोन रीम शिल्लक आहेत.

आता मुख्य गोष्ट. आमचे पेटीवाले काका, वय ६८, काचबिंदूनं दहाएक वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. पेटीवर बोटं अजून तशीच फिरतात. फोन टॉकबॅक लावून वापरतात, फोन बोलतो नि ते ऐकतात, तेही एवढ्या स्पीडला की मला एक शब्द कळत नाही. पण मंडळाच्या ग्रुपवर कार्यक्रमाची पत्रिका येते ती चित्र म्हणून, की लगेच मला फोन, "रे बाबा, चित्र आयलां, कितें बरयलां तातूंत?" मग मी वाचून दाखवतो. मीटिंगमध्ये काका एवढंच बोलले की साइट करा, पण कोणाला न विचारता मला ती वाचता आली पाहिजे. सगळे गप्प झाले कारण आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात ते नव्हतं.

तर ही साइट कशात करायची, अंध माणसाला वाचता यावी म्हणून नक्की काय काय करावं लागतं, आणि दुसरं म्हणजे लोक एकदा बघून विसरणार नाहीत असं त्यात काय घालायचं? बजेट दहा-बारा हजार, त्यातही खजिनदार कुरकुरतोय. आमच्याकडे रेंज पावसात जाते-येते तेही लक्षात घ्या.

म्हापशेंकार

दादा, आजकाल साइट कोण बघतं? फेसबुक पेज करा, व्हॉट्सॲप चॅनेल करा, विषय संपला. आमच्या वाड्यावरच्या मंडळाचं पेज आहे, शिगम्याच्या व्हिडिओला मरणाचे लाइक्स येतात. दहा हजारात चार घुमटं नि एक चांगला माइक येईल.

पर्वरीचा_कोडर

म्हापशेंकारांचं अर्धं पटतं, लाइव्ह गंमत फेसबुकवरच चालते. पण यंदाच्या सप्ताहाची वेळ शोधायला त्या पेजवर गेलात तर आधी तीन वर्षांपूर्वीचा सप्ताह सापडतो. एक कायमचा पत्ता पाहिजे जिथं आज काय आहे ते वरच दिसेल. फेसबुकवरनं त्या पत्त्यावर माणसं पाठवायची.

मी वेबचंच काम करतो त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या. डोमेन मंडळाच्या नावावर घ्या, मंडळाचा वेगळा ईमेल काढा नि त्याचा पासवर्ड कमीत कमी दोघांकडे ठेवा, त्यातला एक तरी गावात राहणारा असू दे. एकदम काही वर्षांचं रजिस्ट्रेशन करता येतं, जास्तीत जास्त १० वर्षं, तर निदान पाच वर्षांचं करून टाका आणि तारीख मंडळाच्या हिशेबाच्या वहीत लिहा, फोनवरच्या रिमाइंडरवर विसंबू नका. देवनागरीत .भारत डोमेनही २०१४ पासून मिळतं, दिसायला झकास, पण बऱ्याच ठिकाणी फॉर्म आणि ईमेल ते अजून नीट घेत नाहीत म्हणून मुख्य पत्ता साधा .इन ठेवा.

साइट वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) करा. सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडा, ही गोष्ट क्षुल्लक वाटते पण नाही. भाषा निवडली की पानाच्या कोडमध्ये हे पान मराठी आहे अशी खूण पडते, त्या खुणेवरनं स्क्रीन रीडर (टॉकबॅकसारखं पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी आवाज लावतो, नाहीतर इंग्लिश आवाज देवनागरी वाचायला बसतो आणि पुढचं काकांना विचारा. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श असलेला फॉन्ट घेतला असेल तर तीच खूण बघून फॉन्ट आपला ल दाखवतो. थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, निवडताना 'ॲक्सेसिबिलिटी रेडी' (अपंगांनाही वापरता येईल अशी) असा फिल्टर आहे, त्यातलीच घ्या, मग अर्धं काम आयतं झालेलं असतं.

आता रंग. तुम्ही भगवा घेणार हे मला न सांगता माहीत आहे. घ्या, पण पांढऱ्यावर भगवी अक्षरं नकोत. डब्ल्यूसीएजी म्हणून जगभर वापरतात ते नियम आहेत (सध्याची आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ची), त्यात साध्या मजकुराला मागच्या रंगाशी ४.५ ला १ एवढा तरी फरक लागतो. वेबवर भगवा म्हणून सर्रास घेतात तो रंग पांढऱ्यावर मोजला की २.१ भरतो. म्हणजे निम्माही नाही, उन्हात फोन धरला की अक्षरं गायब. तोच भगवा मागे ठेवून वर काळी अक्षरं घाला, पावणेदहाच्या पुढे जातं. किंवा पांढऱ्यावर गडद मरून, जवळजवळ ११. हे मोजायची फुकट साधनं ढिगानं आहेत, रंगाचे दोन नंबर टाकायचे नि आकडा बघायचा.

देवनागरीचं वेगळं एक दुखणं सांगतो जे इंग्लिश ट्यूटोरियलमध्ये मिळत नाही. मथळ्याला स्टाइल म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात ना, ते मराठीत करू नका, शिरोरेषा तुटते आणि 'वि ठ्ठ ल' असं दात पडल्यासारखं दिसतं. तिरकी अक्षरंही नकोत. ओळींमधलं अंतर इंग्लिशपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट वगैरे, कारण आपल्याकडे वर मात्रा-रफार नि खाली उकार असतात, ते एकमेकांना धडकतात. अक्षर मोबाइलवर १८ पिक्सेलच्या खाली नको. आणि बोटांनी झूम करणं बंद करणारी थीम आली तर ती सरळ फेकून द्या.

रेंजबद्दल बोललात ते महत्त्वाचं. फोनवरनं काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसे वीस टाकले की पाऊस थांबेपर्यंत पान उघडणार नाही. १२०० पिक्सेल रुंदीचा करून दीड-दोनशे केबीत बसवा. व्हिडिओ साइटवर चढवू नका, युट्यूबवर ठेवून लिंक द्या. पहिल्या पानावर तो फोटो सरकणारा स्लायडर नको, कोणी बघत नाही.

कानांनी_वाचपी

मडगावहून लिहितोय. मी जन्मापासून अंध, बँकेत नोकरी, घरी लॅपटॉपवर एनव्हीडीए (हाही स्क्रीन रीडरच, फुकट आहे, काकांकडे लॅपटॉप असला तर टाकून द्या) आणि फोनवर टॉकबॅक. हा धागा माझ्या बायकोनं पाठवला, म्हणाली, तुझाच विषय आहे.

एका मंडळाची साइट मी कशी वाचली ते सांगतो, मंडळाचं नाव नको. साइट उघडली की आरती सुरू. मोठ्यांदा. आता माझा स्क्रीन रीडर पण त्याच स्पीकरमधून बोलतो. आरती बंद करायचं बटण शोधायला मला रीडर ऐकावा लागतो आणि रीडर ऐकू येत नाही कारण आरती चालूय. देवाला हात जोडून टॅब बंद केला. आपोआप वाजणारा आवाज तीन सेकंदांच्या वर चालणार असेल तर तो थांबवायची सोय पाहिजे असा नियमच आहे, पण मी म्हणतो आपोआप वाजवूच नका, ज्याला ऐकायचंय तो बटण दाबील.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून, आवाज बारीक करून परत गेलो. तर रीडर काय वाचतो, "लिंक ग्राफिक आयएमजी डॅश दोन शून्य दोन चार शून्य आठ एक दोन डॅश डब्ल्यूए शून्य शून्य एक सात." ती सप्ताहाची पत्रिका होती हे मला नंतर कळलं. व्हॉट्सॲपवरनं आलेलं चित्र तसंच चिकटवलेलं, त्याला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारी, रीडरला वाचता येणारी ओळ) नाही, म्हणून बिचारा रीडर फाइलचं नाव वाचतो. त्याखाली "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा" असं आठ वेळा. आम्ही लोक अख्खं पान पहिल्यापासून ऐकत बसत नाही हो, एच दाबून मथळ्यावरनं मथळ्यावर उड्या मारतो नाहीतर सगळ्या लिंकांची यादी काढतो. यादीत आठ वेळा 'इथे क्लिक करा' आलं तर कुठल्या इथे? 'सप्ताहाचा कार्यक्रम' असं लिंकेवरच लिहा. आणि मथळा म्हणजे ठळक केलेली ओळ नव्हे, एडिटरमध्ये 'हेडिंग' निवडून द्यायचा, दिसायला दोन्ही सारखेच पण मला ठळक ओळ सापडत नाही.

फोटोला मजकूर काय लिहायचा हे लोक फार विचारतात. नुसतं 'भजन' लिहून उपयोग नाही, 'भजनाचा फोटो' पण नको कारण हे चित्र आहे ते रीडर आधीच सांगतो. तुमच्या काकांना शेजारी बसून फोनवर जसं सांगाल तसं लिहा, 'सभामंडपात अर्धवर्तुळात बसलेले नऊ भजनी, मधे पेटी, उजवीकडे पखवाज, मागे समई'. बास. कडेची नक्षी, कमळं, ओम वगैरे जी नुसती सजावट आहे तिथं तो मजकूर रिकामा सोडायचा म्हणजे रीडर गप्प पुढे जातो. पत्रिका चित्र म्हणून टाकायची हौस असेल तर टाका, पण खाली सगळा मजकूर टाइप करून. फक्त सारांश नको, सगळा. कोण गायक, कोण साथीला, महाप्रसाद किती वाजता, आम्हालाही महाप्रसाद लागतो.

तारीख ५/९ अशी नको, '५ सप्टेंबर, शुक्रवार, रात्री ९ वाजता' असं शब्दांत, सोबत तिथी दिली तर घरातल्या मोठ्यांना बरं. फोन नंबर मजकूर म्हणून, दाबला की लागणारा. गुगलचा नकाशा तेवढा चिकटवून मोकळे होऊ नका, माझ्यासाठी तो नकाशा म्हणजे भिंत. लिहा, वाळपईहून बस कुठली, उतरायचं कुठं, मग चढण कुठल्या बाजूला, देवळाला पायऱ्या किती, कठडा डावीकडे की उजवीकडे, चपला कुठं काढायच्या. हे व्हीलचेअरवाल्यांना लागतं, गुडघे दुखणाऱ्या आजीलाही लागतं. पायऱ्या प्रत्यक्ष मोजून लिहा, 'थोड्या पायऱ्या' म्हणजे किती ते मला पाय ठेवल्यावरच कळतं.

अजून एक, व्हिडिओखाली अभंगाचे शब्द लिहा. ऐकू न येणाऱ्याला ते वाचता येतात आणि बाकीच्यांना सोबत म्हणता येतात. २०२३च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट (अपंगांसाठीचा महोत्सव) झाला, तेव्हापासून रॅम्प नि साइन लँग्वेजबद्दल आपल्याकडे निदान बोलणं तरी होतं, पण देवळाच्या मंडळाचा सेक्रेटरी वेबसाइटबद्दल विचारतोय हे मी तरी पहिल्यांदा बघितलं. काकांना नमस्कार सांगा. कुठल्या पट्टीत वाजवतात?

तिसवाडीकार

एक विचारू? साइट मराठीत का? गाव गोव्यातला, काका फोनवर कोंकणीत बोलतात, मग कोंकणी का नाही? की नेहमीप्रमाणे

घुमटवालो_सत्तरी

बाब, तो वाद इथं नको, १९८७च्या राजभाषा कायद्यापासून चाललाय आणि तुमच्या-माझ्यानं मिटायचा नाही. आमच्याकडे अभंग मराठीत, घुमटाच्या आरत्या मराठीत, आणि आरती संपल्यावर चहा कोणी करायचा त्यावरचं भांडण कोंकणीत. मीटिंगमध्ये ठरलंय की मुख्य पानं मराठीत आणि धालो-फुगडीची (बायकांच्या नाचांची) गाणी कोंकणीत आहेत तशीच. इंग्लिशमध्ये एकच पान, बाहेर वाढलेल्या नातवंडांसाठी.

@कानांनी_वाचपी, काळी दोन. काका म्हणाले या एकदा.

पर्वरीचा_कोडर

मग त्या कोंकणी गाण्यांच्या परिच्छेदांना कोंकणी म्हणून वेगळी खूण करा, मराठी पानात कोंकणी भाग असं चालतं. आणि एक राहिलं, कोणी एजंट येऊन सांगेल की आमची एक ओळ कोड टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येईल, साइट झाली ॲक्सेसिबल. घेऊ नका. असलेच दावे केले म्हणून २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. पत्रिकेच्या चित्रात काय लिहिलंय ते ती एक ओळ सांगू शकत नाही.

डिचोलीची_टीचर

मी रिटायर्ड टीचर, आमच्या वाचनालयाचं पान तीन वर्षं मी बघतेय म्हणून लिहिते. वर सगळं तांत्रिक झालं, लोक परत परत का येतील त्यावर कोणी बोललं नाही.

आमच्या पानावर पहिले सहा महिने काळं कुत्रं फिरकत नव्हतं. 'आमच्याविषयी', 'उद्दिष्टे', 'कार्यकारिणी', अध्यक्षांचं मनोगत, असलं सगळं घातलेलं. मग एकदा कपाटात जुना फोटो सापडला, जत्रेच्या नाटकाचा, अकरा जण रंग लावून उभे, त्यातले सहाच ओळखू येत होते. तो टाकला आणि खाली लिहिलं की डावीकडून चौथा कोण, पदर घेतलेली बाईची भूमिका कोणाची, माहीत असल्यास फोन करा. बाई, काय फोन! पुण्याहून, दुबईहून, एका आजींनी तर सांगितलं की तो शालू माझ्या लग्नातला, नाटकाला म्हणून नेला तो परत दिलाच नाही. चौथा माणूस तीन दिवसांत सापडला. आता दर पंधरवड्याला एक फोटो आणि उत्तर आलं की त्याच पानावर नावं चढवायची. तुम्हाला ५० वर्षांचं मंडळ आहे, फोटो तुमच्याकडे नसतील तर लोकांच्या ट्रंकांत असतील. आणि फोटोतल्या लोकांची नावं लिहिलीत की वरच्या मडगावच्या भावांना जो मजकूर हवाय तो आपसूक तयार होतो.

दुसरं घुमट. २०१९ साली सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं पण घुमट शिकायचं तर कुठं जायचं हे मुलांना ठाऊक नसतं. एकेक तालाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग ठेवा, आधी नुसतं घुमट, मग शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), मग कांसाळं (झांजा), मग सगळं एकत्र, आणि खाली बोल लिहून. मातीचं भांडं, दोन्ही तोंडं उघडी, मोठ्या तोंडाला चामडं, लहान तोंड हातानं झाकून-सोडून आवाज बदलतो, हे आपल्याला माहीत आहे, पुण्यात वाढलेल्या नातवाला नाही. चामड्याबद्दल लिहाल तेव्हा जपून. पूर्वी घोरपडीचं लावत, आता ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे त्यामुळे बकरीचं लावतात. जुन्या पद्धतीचं कौतुक लिहिण्याच्या भरात भलतंच काही लिहून बसू नका.

नाटकाचं अख्खं रेकॉर्डिंग टाकायच्या आधी लेखकाचे हक्क बघा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते त्याच्या वारसांकडे असतात, गावच्या जत्रेला परवानगी मिळाली म्हणजे इंटरनेटवर टाकायची मिळाली असं होत नाही. पोरांचे फोटो नावासकट टाकू नका, टाकायचे तर आईबापांना लेखी विचारा. २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच धरतो. सभासदांची फोन नंबरांसकट यादी तर अजिबात नको, आम्ही ती चूक केली आणि महिनाभर सगळ्यांना कर्जाचे फोन.

आणि जुन्या स्मरणिका तुमच्याकडे डीटीपीवाल्याच्या फाइलींत असतील ना? त्या जुन्या फॉन्टांत असतात, कॉपी करून साइटवर टाकल्या की फ्रेंच नि गणिताच्या खुणांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालतं त्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून घ्यावं लागतं. कन्व्हर्टर आहेत, पण जुने फॉन्ट अक्षरं जशी दिसतात त्या क्रमानं साठवायचे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर, त्यामुळे बदलताना नेमक्या त्याच गोष्टी घसरतात. 'कीर्तन'चा रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो. एकानं मोठ्यानं वाचायचं नि दुसऱ्यानं स्क्रीनवर बघायचं, आम्ही ४० पानांना दोन रविवार घातले.

शेवटचं, पान जुनं होऊ देऊ नका. गेल्या वर्षीचा सप्ताह 'आगामी' म्हणून दिसला की लोक समजतात मंडळ बंद पडलं. एकच माणूस ठेवा, गुरुवारी भजनाला जायच्या आधी पाच मिनिटं.

घुमटवालो_सत्तरी

मंडळी, दीड महिन्यानं येतोय, सप्ताह होता त्यात वेळच मिळाला नाही. देव बरें करूं सगळ्यांना.

डोमेन झालं, मंडळाच्या नावावर, पाच वर्षं, पासवर्ड माझ्याकडे नि खजिनदाराकडे. खजिनदारानं तो हिशेबाच्या वहीत लाल शाईनं लिहिलाय, मोठ्या अक्षरात, वही देवळाच्या टेबलावर असते. बोलायचंय त्याच्याशी. साइट माझ्या भाचीनं वर्डप्रेसमध्ये केली, मरून आणि पांढरं, भगवी पट्टी वर आणि त्यावर काळं नाव. एकूण पाच पानं. पहिल्या पानावर फोटो नाहीच, सगळ्यात वर 'येत्या गुरुवारी' हा मथळा नि खाली दोन ओळी. अध्यक्षांचं मनोगत पाचव्या पानावर ढकललं, अध्यक्ष दोन दिवस बोलत नव्हते.

देवळाच्या पायऱ्या मोजल्या. मी म्हणत होतो सात, भाची म्हणाली आठ, मोजल्या तर नऊ, सगळ्यात खालची अर्धी मातीत गेलीय. लहानपणापासून चढतोय.

टीचर, तुमचा फोटोचा खेळ लगेच चालला. १९८० च्या आसपासचा शिगम्याचा फोटो टाकला होता, त्यात ताशा वाजवणारा माणूस कोण यावर दोन घराण्यांत वाद सुरू झालाय, दोघंही म्हणतात आमचा आजोबा. तूर्त खाली दोन्ही नावं लिहिली आहेत आणि मधे 'किंवा'.

आता काकांचं. गेल्या रविवारी आम्ही पाच जण त्यांच्याकडे जाऊन बसलो, भाची, मी नि बाकी तिघं, साइट लोकांना कळवायच्या आधी त्यांच्या हातात द्यायची म्हणून. आम्ही ठरवलेलं की कोणी मधे बोलायचं नाही. काका बोट सरकवतात, फोन बडबडतो, काका पुढे. एका ठिकाणी अडकले, मेनूचं बटण फोन नुसतं 'बटण' म्हणत होता, नाव नव्हतं, भाचीनं तिथल्या तिथं 'मेनू' असं घातलं. घुमटाच्या तालाचं रेकॉर्डिंग दोनदा वाजवलं आणि म्हणाले दुसऱ्यात शामेळवाला पुढे पळतोय. तो शामेळवाला शेजारीच बसला होता.

मग पहिल्या पानावर आले. 'येत्या गुरुवारी' ऐकलं, पुढची ओळ ऐकली, थांबले. परत मागे सरकवलं, परत ऐकलं. मग हसायला लागले ते पोट धरून. आम्हाला कळेना काय झालं. म्हणाले फोनचा स्पीड कमी करा नि तुम्हीच ऐका. फोन आमच्यासाठी हळू बोलला, "देवळात रात्री नऊ वाजता भोजन. सर्वांनी उपस्थित राहावे."

मी टाइप केलेलं, भाचीनं तपासलेलं, आम्ही पाच जणांनी त्या पानाकडे महिनाभर बघितलेलं. दहा डोळे. काना-मात्रा कोणाला दिसली नाही. आता दुरुस्त केलंय, पण अध्यक्षांच्या मुलानं तोवर गुपचूप लिंक त्याच्या ग्रुपवर टाकली होती, दोघांनी फोन करून विचारलं की शाकाहारी का.

कानांनी_वाचपी

खरंच भोजन असेल त्या गुरुवारी कळव, मडगावहून येतो. नऊ पायऱ्या, लक्षात ठेवल्या.